एव्हबरीच्या शिळावर्तुळातले इतके दगड गेले कुठे?

थोडक्यात सांगायचं तर माणसांनीच पाडले, पुरले आणि फोडून घरांना वापरले.

इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यातलं हे वर्तुळ साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचं. बाहेरच्या कड्यात मुळात शंभराच्या आसपास शिळा होत्या, व्यास ३३० मीटरच्या घरात. जगातलं सर्वांत मोठं शिळावर्तुळ हेच. गाव पुढे त्याच्या आतच वसलं.

मध्ययुगात गावकऱ्यांनी काही शिळा पाडून खड्ड्यांत पुरल्या, बहुधा त्या धर्मबाह्य वाटल्या म्हणून. १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर केलर यांच्या उत्खननात अशाच एका शिळेखाली माणसाचा सांगाडा मिळाला. जवळ कात्री आणि चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची नाणी! शिळा केव्हा पुरली याचा अंदाज त्या नाण्यांवरून आला.

खरं नुकसान मात्र सतराव्या-अठराव्या शतकांत झालं. शिळेखाली गवत-लाकडं पेटवायची, ती तापली की वर गार पाणी ओतायचं आणि तडा गेला की घणाचे घाव. प्राचीन अवशेषांचे अभ्यासक विल्यम स्टकली यांनी अठराव्या शतकात हे डोळ्यांनी पाहून चित्रांसह नोंदवून ठेवलं, म्हणून आज आपल्याला कळतं. वाचताना मला अजूनही हळहळ वाटते.

गंमत म्हणजे पुरलेल्या शिळा मात्र वाचल्या. केलर यांनी त्यांतल्या बऱ्याच उकरून मूळ जागी उभ्या केल्या, आणि हरवलेल्यांच्या जागी काँक्रीटचे छोटे खांब रोवले. वर्तुळातून चालताना ते ठेंगणे खांब मोजत जा, काय गेलं ते लगेच दिसतं.