डोमेन नावं घेऊन ठेवायची आणि नंतर विकायची असा विचार आहे. सुरुवातीला किती आणि कोणती घ्यावी?

तुमच्या प्रश्नातलं "घेऊन ठेवायची" वाचलं आणि हात शिवशिवले. घेणं दोन मिनिटांचं काम. ठेवायची कशी, हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

आधी आकडा सांगतो, नाहीतर राहून जाईल. एकही नाव विकलं गेलं नाही तरी सलग तीन वर्षं ज्यांची दर वर्षीची फी खिशातून भरता येईल, तेवढीच नावं घ्या. डॉट कॉमचा वर्षाचा घाऊक दरच सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला, त्यावर रजिस्ट्रारचा, म्हणजे नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीचा, नफा वेगळा. शंभर नावं म्हणजे वर्षाला हजार डॉलरच्या वर, आणि त्या शंभरातली एक-दोन विकली गेली तर जुने लोकही वर्ष बरं गेलं म्हणतात. तीनशे नावांनी सुरुवात करा असं सांगणारा बहुधा स्वतःची न खपलेली नावं तुमच्या गळ्यात मारतोय.

आता आमचं.

मी आणि कॉलेजपासूनचा एक मित्र, दोघांनी मिळून ८६ नावं जमवली होती. त्यातली ऐंशी निव्वळ हौस. एक मात्र खरं होतं: दोन साधे इंग्रजी शब्द, डॉट कॉम, फोनवर एकदा सांगितलं की समोरचा स्पेलिंग न विचारता लिहून घेईल असं. नाव इथे देत नाही, आता ते दुसऱ्याचं आहे. एका छोट्या कंपनीच्या मालकाने त्याचे २,५०० डॉलर देऊ केले. मी म्हटलं, देऊन टाकू. मित्र म्हणाला, १२,००० च्या खाली नाही. त्याच्या डोक्यात व्हॉइस डॉट कॉम. २०१९ मध्ये ते ३ कोटी डॉलरला गेलं, तेव्हापासून या धंद्यातल्या निम्म्या लोकांच्या डोक्यात ते बसलंय. विकणारी मायक्रोस्ट्रॅटेजी ही सॉफ्टवेअर कंपनी होती, पुढच्या महिन्याची रिन्यूअलची फी त्या नावातून काढायची वेळ तिच्यावर नव्हती, हे कोणी बघत नाही. गिऱ्हाईक "बरं" म्हणून निघून गेलं.

पुढच्या वर्षी आम्ही खर्च कापायला बसलो. शीट मी केली. ३१ नावांसमोर "सोडा" लिहिलं. त्यात नव्या एक्स्टेंशनवरचं (डॉट कॉमच्या जागी दुसरंच काही शेपूट असलेलं) एक चिमुकलं नाव होतं, पहिल्या वर्षी दोन डॉलर आणि रिन्यू करायला तीस, त्या जातीतलं. ते सोडायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. रजिस्ट्रारच्या खात्याला मित्राने जो ईमेल दिला होता तो नेमका त्याच नावावरचा होता, हे मला माहीत नव्हतं. (त्याच्या मते माहीत असायला हवं होतं.) स्वतःच्या डोमेनवरचा पत्ता रुबाबदार दिसतो ना! नाव सुटलं, मेलबॉक्स बंद पडला, आणि कोणाला पत्ता नाही.

मग त्या दोन शब्दांच्या नावाची मुदत संपत आली. त्यापुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं, याचाच जास्त राग येतो. डोमेन नावांचे जागतिक नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमानुसार मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधी एक, आठवडाभर आधी एक आणि संपल्यावर पाच दिवसांत आणखी एक सूचना रजिस्ट्रारने पाठवायचीच असते. पाठवल्या असतीलच, मेलेल्या पत्त्यावर. ऑटो-रिन्यू चालू होतं, पण जोडलेलं कार्ड मित्राचं, आणि त्या कार्डाची मुदत नावाच्याही आधी संपलेली. एवढं होऊनही मालकाला जाग यावी म्हणून रजिस्ट्रारला नाव काही दिवस बंद पाडावं लागतं. साइट उघडत नाही, मेल येत नाही, माणूस धावत येतो. आमच्या नावावर होतं काय? "हे नाव विकणे आहे" एवढं एक पान. ते बंद पडलंय हे कळायला आम्ही ते उघडून तर बघायला हवं!

मुदत संपली तरी हातात वेळ असतो, अशी माझी समजूत होती. आधी ग्रेस, म्हणजे सवलतीचा काळ, मग रिडेम्प्शनचे, म्हणजे डिलीट झालेलं नाव जुन्या मालकाला सोडवून घेता येण्याचे, ३० दिवस, मग पेंडिंग डिलीटचे, म्हणजे कायमचं पुसलं जाण्याआधीचे, ५, आणि मग कुठे नाव मोकळं होतं. कागदावर बरोबर. पण बरं नाव सहसा तिथवर पोचतच नाही. ग्रेस चालू असतानाच बरेच रजिस्ट्रार ते लिलावात काढतात आणि नाव डिलीट न होता सरळ जिंकणाऱ्याच्या खात्यात जातं. डिलीटच झालं नाही तर रिडेम्प्शन कसलं? करारात तसं कलम होतं. आम्ही वाचलं नव्हतं.

कळलं कसं, तर त्याच गिऱ्हाइकाची माझ्या खासगी पत्त्यावर मेल आली. नाव लिलावात ६१० डॉलरला मिळालं, पुढच्या महिन्यात साइट सुरू होतेय, आणि तुम्ही ते सोडलंत याबद्दल आभार. टोमणा नव्हता. आम्ही ठरवूनच सोडलं असं त्याला खरंच वाटलं होतं.

मित्र आजही म्हणतो, चूक शीटची. मी म्हणतो, शीटमुळे दोन डॉलरचं नाव गेलं. ८६ नावांचं खातं त्या दोन डॉलरच्या खुंटीला टांगलं कोणी? आणि २,५०० ला नाही कोण म्हणालं?

तेव्हा तुमच्यासाठी, आणि तो वाचत असेल तर त्याच्यासाठीही: खात्याचा ईमेल त्या खात्यातल्या कुठल्याही नावावरचा नको. सोडलेलं नाव उद्या कोणी घेतलं तर त्या पत्त्यावरची मेल त्याच्याकडे जाईल, पासवर्ड बदलायची लिंकसुद्धा. आम्ही वाचलो ते केवळ ते नाव कोणालाच नको होतं म्हणून. दुसरं कार्ड जोडून ठेवा. तारखा स्वतःच्या कॅलेंडरमध्ये टाका. तुमचा चालता धंदा ज्या नावावर आहे ते एकदम दहा वर्षांसाठी भरा. डॉट कॉम त्याहून पुढचं भरता येत नाही. आणि भागीदार असेल तर कितीला सोडायचं ते नाव घेतानाच लिहून सही करा. ऑफर आली की दोघांपैकी एकजण हमखास वेडा होतो.

कोणती नावं, ते राहिलंच. दुसऱ्याच्या ब्रँडचं नको, त्याच्या चुकीच्या स्पेलिंगचं तर मुळीच नको. १९९९ पासून यूडीआरपी आहे, म्हणजे अशा नावांविरुद्ध ब्रँडवाल्याला तक्रार करता यावी म्हणून केलेली नियमावली. तक्रार टिकली तर नाव जातं, आणि ब्रँडवाल्याला तुम्ही पाठवलेलं "इतक्याला देतो" हे पत्रच वाईट हेतूचा पुरावा म्हणून पुढे येतं. घेण्याआधी त्या नावावर पूर्वी काय चालायचं ते वेबॅक मशीनवर, म्हणजे जुन्या वेबपानांच्या संग्रहात, बघा, आणि तसली नावं कितीला गेली ते नेमबायो या विक्रीच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवर. विकताना पैसे एस्क्रोतून, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तिसऱ्या पक्षामार्फत, घ्या. "आधी अमुक साइटचं मूल्यांकन प्रमाणपत्र काढून आणा" म्हणणाऱ्याला ते प्रमाणपत्रच विकायचं असतं.

आणि हो, मी ८६ नावांवरून बोलतोय. हजारोंनी नावं बाळगणाऱ्यांचं गणित वेगळं. मित्रही सगळाच चुकीचा नव्हता: आणखी एक नाव त्याने अडून धरलं म्हणून ९०० ऐवजी ३,४०० ला गेलं. हे मी त्याच्या तोंडावर म्हणणार नाही.

त्या दोन शब्दांच्या नावाची मुदत आता २०३४ पर्यंत भरलेली दिसते. दर दोन-चार महिन्यांनी मी बघतो.