सिग्नलला थांबलात की आधी दारं लॉक!

प्रश्न: मी ऐरोलीला कामाला, घर कासारवडवलीला. सेकंड शिफ्ट असली की रात्री एकटीच गाडी चालवत येते. माजिवडा नाहीतर मानपाड्याला सिग्नल लागला की कोणीतरी काचेवर टकटक करतंच, परवा एकजण मागे बोट दाखवून सांगत होता, मॅडम टायरमध्ये हवा नाय. मी दारं लॉक ठेवते, पण दीर म्हणतात वहिनी ॲक्सिडेंट झाला तर आतच अडकाल. काय करू?
– एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर: ताई, लॉकच ठेवा. दिरांची काळजी खोटी नाही, पण एअरबॅगवाल्या बऱ्याच गाड्यांत एअरबॅग उघडली की दारं आपोआप अनलॉक होतात, आणि पुष्कळ गाड्यांत लॉक असतानाही पुढच्या दाराचं आतलं हँडल ओढलं की दार उघडतं. तुमच्या गाडीत काय होतं ते बिल्डिंगखाली गाडी उभी असताना एकदा ओढून बघा ना. मागच्या दाराला चाइल्ड लॉक असेल तर ते मात्र आतून उघडणार नाही, मागे सासूबाई वगैरे बसत असतील तर तो खटका काढून टाका. आणि ऑटो लॉकच्या भरवशावर राहू नका, ते गाडीने जरा स्पीड घेतल्यावर लागतं, मधेच कोणाला उतरवलंत आणि पुढे नुसतं सरकत राहिलात तर दारं उघडीच असतात.

तो टायरवाला खरंच भला माणूस असेलही. पण ठकठक टोळीची पद्धत अगदी हीच आहे, एकजण तुमच्या बाजूने काच वाजवून ऑइल गळतंय, टायर बसलाय, नोटा पडल्यात असलं काहीतरी सांगतो, तुम्ही मान वळवलीत किंवा खाली उतरलात की दुसरा डावीकडचं दार उघडून पर्स घेऊन पसार. म्हणून पर्स, लॅपटॉप डाव्या सीटवर नकोच, डिकीत टाका, आणि ते ऑफिसातून निघतानाच, सिग्नलला उतरून नाही. टायर खरंच बसला असेल तर स्टेअरिंग एका बाजूला ओढतं, मागचा असेल तर गाडी मागून डोलते, बहुतेक तुम्हाला कळेलच. तरी उतरू नका, हळूहळू उजेडातल्या पेट्रोल पंपापर्यंत जा, फार तर टायर वाया जाईल. कोणी पाठलाग करतंय असं वाटलं तर 112.

आता जे कोणी पाळत नाही ते. थांबताना पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतील एवढी जागा सोडा. तेवढी असली की रिव्हर्स न घेता स्टेअरिंग कापून बाजूने निघता येतं, मागून कोणी ठोकलं तरी तुम्ही पुढच्यावर आदळायची शक्यता कमी. आपल्याकडे बंपरला चिकटल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही, जागा दिसली की रिक्षा घुसते हे मान्य, घुसू दे तिला, तुम्ही परत थोडं मागे राहा. घोडबंदरला रात्री जेएनपीटी बंदराकडून गुजरातला जाणारे कंटेनर असतात, तेव्हा रांगेत शेवटच्या असाल तर मागची गाडी थांबेपर्यंत ब्रेकवरचा पाय काढू नका, नजर आरशात.

प्रश्न: सिग्नलला क्लच दाबून पहिल्या गिअरमध्ये थांबावं की न्यूट्रल? मुलाशी रोज वाद होतो.
– एक काका, कोपरी

उत्तर: काका, मोठा सिग्नल असेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. पाय सटकला तर गिअरमधली गाडी थेट झेब्रावर उडी मारते. पुलाच्या चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणारे तर मेकॅनिकचं घर चालवतात. उजवीकडे वळायला थांबला असाल तर चाकं सरळ ठेवा, वळवून ठेवलीत आणि मागून धक्का बसला तर गाडी समोरच्या ट्रॅफिकमध्ये जाते.

प्रश्न: मुलगा स्कूटरवरून महापेला जातो, ठाणे-बेलापूर रोडला सिग्नल पडला की ट्रेलरच्या मधून घुसून सगळ्यात पुढे जाऊन उभा राहतो. पुढे सेफ असतं म्हणतो.
– एक आई, कळवा

उत्तर: अजिबात सेफ नाही. ट्रेलरची केबिन एवढी उंच असते की अगदी नाकासमोर उभी असलेली स्कूटर ड्रायव्हरला दिसतच नाही, हिरवा लागला की तो सरळ गाडी काढतो. डावी बाजू त्याहून वाईट, कारण ट्रेलर वळताना मागची चाकं आत कापत येतात. त्याच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर आपणही त्याला दिसत नाही, एवढं धरून चालायचं आणि मागेच थांबायचं. नुसतं सांगून पोरं ऐकत नाहीत, ओळखीत कोणाचा ट्रक असेल तर उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये त्याला चढवा, त्याचीच स्कूटर समोर लावा आणि विचारा दिसते का.