परीक्षा तर संपली, मग आता कसला ताण?

सत्रान्त परीक्षा आटोपून पुण्या-मुंबईला शिकणारी मुले मे-जूनमध्ये लातूरला घरी परततात आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : परीक्षा तर संपली, मग आता कसला ताण? मूल दुपारपर्यंत झोपते, रात्रभर मोबाइल चाळते, ताटावर बसले तरी दोन घासांवर उठते, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाते आणि काही विचारले तर खेकसते. हा आळस आहे, लाडावलेपण आहे, प्रेमप्रकरण आहे की आजार आहे, हे घरच्यांना उमगत नाही. या प्रश्नाचे उत्तर मी येथे एका विद्यार्थिनीच्या अनुभवातून देत आहे. तिची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ही मुलगी पुण्यात संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. वडिलांचे तालुक्याच्या गावी खते-बियाण्यांचे दुकान आहे आणि आई अंगणवाडी सेविका आहे. पेरणीचे दिवस असल्यामुळे वडिलांना दुकान सोडून येता आले नव्हते. आई मात्र मनाशी सगळे जुळवून आली होती. “मॅडम, दहावी-बारावीला पहाटे चारला उठणारी पोरगी आहे ही. आता दुपारी एक वाजता उठवावं लागतं. जेव म्हटलं तर अंगावर येते. पेपर कसे गेले विचारलं, तर ‘चांगले गेले’ एवढंच. चांगले गेले तर मग हे तोंड असं का?” मुलगी ओढणीच्या टोकाशी चाळा करत खाली पाहत होती. आईचे म्हणणे पुरते ऐकून घेतले आणि त्यांना थोडा वेळ बाहेर बसण्याची विनंती केली.

“तुला कसला ताण आहे?” हा प्रश्न मी सुरुवातीला विचारत नाही, कारण त्याचे उत्तर ठरलेले असते : “काही नाही.” त्याऐवजी कालचा दिवस तासातासाने सांगायला सांगते. तिने सांगितला. बोलताना तिच्या हातात मोबाइल होता, म्हणून गजर किती वाजताचा लावतेस, असे मी सहज विचारले. तिने पडदा माझ्याकडे वळवला. ३.३०, ३.४०, ३.५०, ४.०० असे एकाखाली एक गजर होते आणि परीक्षा संपून आठवडा उलटला तरी सगळे चालूच होते. “वाजतात का अजून?” “वाजतात. मी बंद करते आणि परत झोपते.” “मग काढून का नाही टाकलेस?” यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “काढले तर खरंच संपलं असं होईल ना.” हे वाक्य मी टिपून ठेवले.

मागील चार महिने कसे गेले, हे तिने त्यानंतर न अडखळता सांगितले. पुणे विद्यापीठाच्या तिला लागू असलेल्या आराखड्यात एका विषयाचे १०० गुण, त्यांपैकी ३० सत्राच्या मध्यावरील परीक्षेला आणि ७० सत्रान्त परीक्षेला. असे पाच विषय आणि त्यांखेरीज प्रात्यक्षिके, टर्मवर्क म्हणजे सत्रभराचे काम, व तोंडी परीक्षा. शेवटच्या पंधरवड्यात सबमिशनची घाई सुरू होते. जर्नलची पाने हाताने लिहायची, प्रत्येक प्रयोगावर सही घेण्यासाठी सर केबिनमध्ये कधी सापडतील याची वाट पाहायची, एखादी सही राहिली तर सर्टिफिकेटच्या पानावर विभागप्रमुखांची सही नाही, आणि ती नाही तर प्रात्यक्षिकाला बसण्याची पंचाईत. हे सगळे उरकते न उरकते तोच लेखी परीक्षा सुरू होते. ती कॉट बेसिसवर, म्हणजे सामाईक खोलीत एका खाटेपुरते भाडे देऊन, राहत होती. खोलीत तिघी जणी, तिघींच्या परीक्षांचे वेळापत्रक वेगळे, त्यामुळे दिवा मालवायचा कधी यावरून रोजची कुरबुर. मेस परीक्षेच्या अखेरच्या दिवसांत बंद झाली, तेव्हा चहा, बिस्किटे आणि मॅगी यांवर भागवले. रात्रीची झोप जेमतेम चार तास. तिच्या मधल्या बोटावर पेनाचा घट्टा स्पष्ट दिसत होता.

हे ऐकल्यावर आईच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळालेले होते. तरुण प्रौढ व्यक्तीला रोज सात ते नऊ तास झोप लागते, आणि कित्येक आठवडे ती चारवर आणली तर शरीर ती थकबाकी वसूल केल्याशिवाय राहत नाही. परीक्षेचा ताण केवळ मनापुरता नसतो, हे पालकांना पटवण्यासाठी मी अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठातील एका अभ्यासाचे उदाहरण देते, जो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर दोनदा, अगदी लहान आणि सारख्याच आकाराची जखम करण्यात आली. एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या काळातील जखम भरून यायला सरासरी ४० टक्के अधिक वेळ लागला. विद्यार्थी मोजकेच होते हे खरे, परंतु तोंडातली जखमसुद्धा परीक्षेच्या धास्तीने रेंगाळते, हे कळल्यावर “नुसती झोपून असते” या वाक्यातला “नुसती” हा शब्द पालक आपणहून गाळतात. परीक्षा सुरू असेपर्यंत जी मुले टिच्चून उभी असतात, त्यांना शेवटचा पेपर झाल्यावर ताप, सर्दी किंवा अर्धशिशी गाठते, हाही नेहमीचा अनुभव आहे.

परंतु थकवा म्हणून सगळेच सोडून देणे मला मान्य नाही, आणि येथेच पालकांनी सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे. मी दोन गोष्टी पाहते. पहिली, दिवसांगणिक फरक पडतो आहे का. साधा थकवा असेल तर आठ-दहा दिवसांत भूक परतते, मूल स्वयंपाकघरात डोकावते, भावंडांशी भांडते, एखाद्या मित्राला फोन करते. दुसरी, आवडीची गोष्ट समोर आली तर चेहऱ्यावर काही उमटते का. दोन आठवडे बहुतेक दिवस मन खिन्न आहे, कशातच रस वाटत नाही, झोप आणि भूक दोन्ही बिघडलेल्या आहेत, आपण कुचकामी आहोत असे वाटते आहे, तर त्याला सुट्टीतला आळस समजू नये. अशा वेळी मी नऊ प्रश्नांची एक प्रमाणित प्रश्नावली वापरते. तिने रोगनिदान होत नाही, पण पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचे की थांबून पाहायचे, याचा अंदाज येतो.

त्यातला नववा प्रश्न जीव नकोसा वाटतो का, याविषयीचा आहे. तो विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरेल, अशी भीती पालकांना वाटते. तसे होत नाही. उलट कोणीतरी सरळ विचारले म्हणून मुलांना हायसे वाटते. या मुलीने सांगितले की, गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री “उद्या उजाडूच नये” असे वाटले होते, त्यानंतर तसे वाटलेले नाही. काही ठरवले होते का, काही जवळ ठेवले होते का, हे मी स्पष्ट शब्दांत विचारले. तसे काही नव्हते. तरीही ही एक गोष्ट आईला सांगावी लागेल, असे मी तिला म्हटले, आणि कशी सांगायची ते आम्ही दोघींनी मिळून ठरवले. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक तिने स्वतःच्या आणि आईच्या मोबाइलमध्ये साठवला. ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते.

“गणिताच्या पेपरचं काय झालं?” हा प्रश्न आता विचारणे सोपे होते. एम-थ्री, म्हणजे अभियांत्रिकी गणित तीन, या पेपरात एका युनिटचा प्रश्न तिने कोरा सोडला होता आणि दुसऱ्या एका प्रश्नाच्या मध्यावर हात थांबला होता. बाहेर आल्यावर मैत्रिणी उत्तरे पडताळत होत्या, तेव्हा ती खोलीवर निघून गेली आणि घरी फोनवर म्हणाली, “सोपा होता.” पहिले खोटे असे निघाले आणि पुढचे सगळे मौन ते खोटे सांभाळण्यासाठी होते. पाहुण्यांना टाळणे आणि आईवर खेकसणे, यांचाही उगम तिथेच होता.

हे खोटे इतके जड का झाले, हे लातूरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. दहावी-बारावीत भरघोस गुण मिळवून देणाऱ्या ‘लातूर पॅटर्न’चे नाव काढले की आमची छाती फुगते आणि त्यात गैर काही नाही, बाहेरगावची मुले येथे शिकायला येतात, त्यांच्यावर निम्म्या शहराचा संसार चालतो. पण येथे घडलेल्या मुलीला बारावीपर्यंत एकच ओळख मिळते, ती गुणांची. शिकवणीच्या फलकावर तिचा फोटो लागला होता. पुण्यात तिच्या वर्गात असे फोटो लागलेली कितीतरी मुले होती. येथे प्रश्नसंच सोडवून घेणारे कोणीतरी सतत पाठीशी होते. तेथे काय वाचायचे आणि काय सोडायचे हे तिचे तिने ठरवायचे होते, आणि ते कौशल्य तिला कोणी शिकवलेलेच नव्हते. हुशारी कमी पडली असा निष्कर्ष तिने काढला होता. माझ्या मते पद्धत बदलली होती आणि तो बदल तिच्या लक्षात आणून देणारे कोणी नव्हते.

नापास झालो तर काय, याचे उत्तर तिच्या मनात “सगळं संपेल” एवढेच होते. मी तिला कागदावर लिहायला लावले की, नेमके काय संपेल. पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले होते, त्यामुळे दुसऱ्या वर्षाचा एक विषय अडकला तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेला विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीवर, तिसऱ्या वर्षात जाता येणार होते, आणि हे नियम तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. वर्ष जाणार नव्हते. वडिलांना सांगावे लागणार होते, एवढेच कागदावर उरले.

पुढच्या दिवसांसाठी मी तिला वेळापत्रक करून दिले नाही. वेळापत्रकाने दमलेल्या मुलाच्या हातात आणखी एक वेळापत्रक देण्यात मला अर्थ वाटत नाही. माझ्यासमोर बसून तिने पहाटेचे गजर एकेक करून काढले आणि सकाळी साडेसातचा एकच ठेवला. झोपायची वेळ मी ठरवली नाही, कारण झोप हुकमाने येत नाही, पण उठण्याची वेळ ठरली की झोपेची वेळ हळूहळू आपोआप अलीकडे सरकते. संध्याकाळनंतर चहा बंद, आणि रात्री मोबाइल आईच्या खोलीत. शिवाय फॅमिली डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यायला सांगितले. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नोंदवलेले आहे, आणि थकलेल्या मुलीला केवळ मनाचे उपाय सांगत बसणे बेजबाबदारपणाचे ठरते. तिचे हिमोग्लोबिन खरोखरच कमी निघाले आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या.

दुसरी सूचना तिला आधी विचित्र वाटली. सोयाबीनच्या बियाण्यासाठी वडिलांच्या दुकानात झुंबड होती. रोज संध्याकाळी दोन तास तिने गल्ल्याशेजारी बसून बिले करावीत, असे मी सुचवले. खिन्न मन उत्साह येण्याची वाट पाहत बसले, तर तो लवकर येत नाही. हातपाय हलले, चार माणसांत काही उपयोगाचे काम झाले की उत्साह मागून येतो. “पण सगळे रिझल्टचं विचारतील,” ही तिची खरी भीती होती. त्यासाठी एक वाक्य तयार केले : “निकाल लागायचाय, काका. तुम्हाला किती पिशव्या देऊ?” ते तिने माझ्यासमोर म्हणून पाहिले आणि त्या दिवशी प्रथमच हसली.

आईला मी थोडेच सांगितले. पहिले म्हणजे निकालाचा विषय आपण काढायचा नाही. दुसरे म्हणजे शेजारच्या मुलाला पुण्यात नोकरी लागल्याची बातमी जेवताना द्यायची नाही. आणि तिसरे, “आमच्या वेळी” या शब्दांनी कोणतेही वाक्य सुरू करायचे नाही. यातले तिसरे पाळणे अवघड जाईल, असे त्या स्वतःच म्हणाल्या. त्या रात्रीचा विचार त्यांना सांगितला, तेव्हा त्या रडल्या आणि मग मुलीच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिल्या.

निकालापूर्वीच तिने वडिलांना सांगितले, दुकान बंद करता करता. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले की, परत पेपर द्यायचा फॉर्म केव्हा भरतात आणि फी किती असते. पुढे निकालात एम-थ्री खरोखरच अडकला. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून पुनर्मूल्यांकनाला टाकायचे का, यावर बापलेकीने चर्चा केली आणि कोरा सोडलेला प्रश्न कोराच राहणार, म्हणून टाकायचे नाही असे ठरवले.

ती पुण्याला परतण्यापूर्वी मी तिला तेथील महाविद्यालयातील समुपदेशकांची गाठ घ्यायला सांगितले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले आहे. ते कितपत पाळले जाते, हे विद्यार्थ्यांनी दार ठोठावल्याशिवाय कळणार नाही. तिची झोप आता जाग्यावर आली आहे. वर्गातल्या इतरांशी स्वतःची तुलना करणे मात्र सुटलेले नाही, आणि गणित परत सोडवायला बसले की छातीत धडधडते, असे ती फोनवर सांगते. त्यावर आमचे काम अजून सुरू आहे.