शीख माणूस 'हिंदू' कसा?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या १९२३ च्या नागरिकत्वाच्या एका खटल्याचं मराठी भाषांतर करताना, नागरिकत्व मागणारे भगतसिंग थिंड 'उच्च जातीचे हिंदू' म्हणून भेटतात. ते तर पगडी बांधणारे शीख. मग 'हिंदू' ही मूळ कागदातली चूक समजून 'भारतीय' करावं का?

करू नये. ती चूक नाही. त्या काळच्या अमेरिकेत 'हिंदू' म्हणजे हिंदुस्थानातून आलेला कोणीही. शीख काय, मुसलमान काय. 'इंडियन' हा शब्द तिथल्या मूळ रहिवाशांनी आधीच अडवून ठेवला होता (म्हणजे कोलंबसाने त्यांच्या माथी मारला होता). १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनेत तर 'हिंदू' ही वंशाच्या रकान्यातली नोंद आहे, धर्माशी तिचा संबंध नाही.

आता थिंड कोणत्या वंशाचे, यावर एवढं काय अडलं होतं? १७९० च्या कायद्याने परदेशी माणसाला नागरिकत्व मिळायचं ते 'स्वतंत्र गोरी व्यक्ती' असेल तरच. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही ते खुलं झालं, पण आशियातले लोक मध्येच लटकले. त्यामुळे गोरा म्हणजे कोण, हा शब्दार्थाचा वाद न्यायाधीशांपुढे गेला. मुंबईकडचे पारशी भिकाजी बलसारा १९१० मध्ये न्यायालयात 'गोरे' ठरले. नोव्हेंबर १९२२ मध्ये नागरिकत्व मागणाऱ्या जपानी ओझावांना सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कातडीचा रंग पाहायचा नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन (युरोपीय लोक ज्यात मोडतात असा तेव्हाच्या शास्त्रज्ञांनी मानलेला वंश). थिंड यांच्या बाजूने लगेच मुद्दा आला: मानववंशशास्त्रज्ञ उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना कॉकेशियनच म्हणतात! तीनच महिन्यांत त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलं की शास्त्रज्ञांचा अर्थ चालणार नाही, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. कोशकारांना चक्कर यावी असा हा निकाल. थिंड अमेरिकन सैन्यात होते, तेही उपयोगी पडलं नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं अशा हिंदी लोकांवरही मग ते रद्द करण्याचे खटले भरले गेले. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही भरला, पण तो ते जिंकले.

'उच्च जातीचे' हे शब्दही गाळू नयेत. उच्च जात म्हणजे शुद्ध आर्य रक्त, असा थिंड यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. वंशभेदाच्या दारातून आत शिरायला जातिभेदाची किल्ली! वाचताना बरं वाटत नाही, पण भाषांतरकाराने ते सोवळं करून देऊ नये.

माझी सूचना: अवतरणात 'हिंदू' तसंच ठेवा आणि तळटीप द्या. तुमच्या स्वतःच्या वाक्यात मात्र 'हिंदी' लिहा. जुन्या मराठीत 'हिंदी लोक', 'हिंदी सैनिक' असंच लिहीत. हिंदी महासागरात तो अर्थ अजून शिल्लक आहे. आजच्या वाचकाला तो भाषेचा वाटेल अशी भीती असेल, तर 'हिंदुस्थानी' चालेल.

पुढे नागरिकत्वाचा १९४६ चा अमेरिकन कायदा भाषांतराला आला तर त्यात 'हिंदू' शोधू नका. तिथे 'भारतातील मूळच्या वंशांच्या व्यक्ती' अशा अर्थाची शब्दयोजना आहे. वर्षाला जेमतेम शंभर जणांना प्रवेश, पण नागरिकत्वाचं दार उघडलं. तिथे 'भारतीय' बेलाशक लिहा.