इंटर्नशिपचे टार्गेट आणि वडिलांची ग्रॅच्युइटी

वाचकाचे पत्र : मी सांगलीत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असून पुण्यातील एका कंपनीत ‘वेल्थ मॅनेजमेंट’ची बिनपगारी इंटर्नशिप करते आहे. तीन महिन्यांत 5 लाखांचा विमा प्रीमियम आणला तर पक्की नोकरी मिळणार आहे. आतापर्यंत अडीच लाख झाले आहेत : वडिलांची वर्षाला दीड लाखाची पॉलिसी, त्यानंतर मावशीची 60 हजारांची आणि काकांची 40 हजारांची. वडील 58व्या वर्षी साखर कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांना दोन महिन्यांपूर्वी पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे मिळून 16 लाख मिळाले आणि ईपीएसचे (कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे) महिना सुमारे 3 हजार निवृत्तिवेतन सुरू झाले आहे. त्यांच्या पॉलिसीचे कागद येऊन तीन आठवडे झाले. माझा प्रश्न असा, की आता सीएफएची (गुंतवणूक विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची) पहिली पातळी करावी की 12 लाखांचे कर्ज काढून एमबीए करावे? पहिली पातळी झाली की मुंबईत 10-12 लाखांचे पॅकेज मिळते, असे आमचे मॅनेजर सांगतात.

उत्तर : सीएफए की एमबीए हा निर्णय सहा महिने लांबला तरी तुमचे काही बिघडणार नाही. वडिलांच्या पॉलिसीचा निर्णय मात्र येत्या आठवड्यात घ्यावा लागेल. तुमच्या पत्रात ती पॉलिसी केवळ टार्गेटचा हिशेब म्हणून आली आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो.

या पॉलिसीचा दीड लाखाचा हप्ता 10 वर्षे भरायचा आहे. वडिलांचे सगळेच्या सगळे 16 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्के व्याजाने ठेवले, तरी वर्षाचे व्याज 1 लाख 31 हजार होते. म्हणजे घरात किराणा, वीजबिल, औषधे यांवर त्यातला एक रुपयाही खर्च झाला नाही, तरी व्याजातून हप्ता पुरा होत नाही आणि पहिल्याच वर्षापासून मुद्दल मोडावे लागते. महिना 3 हजार निवृत्तिवेतन असलेल्या माणसाला 10 वर्षांच्या हप्त्याची पॉलिसी देताना त्याचे उत्पन्न कोणीही विचारले नसावे, किंवा विचारून दुर्लक्षिले असावे. दोन्ही गोष्टी सारख्याच अक्षम्य आहेत.

‘15 लाखांचे 15 वर्षांनी साडेसव्वीस लाख, म्हणजे 77 टक्के खात्रीचा नफा’ असे तुम्हाला शिकवले गेले आणि तुम्ही तेच वडिलांना सांगितले. पैसे 10 वर्षांत टप्प्याटप्प्याने जातात आणि पंधराव्या वर्षाच्या शेवटी परत येतात, हे धरून हिशेब केला तर हा परतावा वर्षाला साधारण साडेपाच टक्के पडतो. तोही सगळे हप्ते वेळेवर भरले तरच. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी हप्ता थांबला, तर भरलेल्या रकमेचा मोठा भाग बुडतो. ऑक्टोबर 2024 पासून सरेंडरचे, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी बंद करण्याचे, नियम पूर्वीपेक्षा बरे झाले असले, तरी भरलेले सगळे परत मिळत नाही. राहिला विमा. वडिलांची कमाई थांबली आहे आणि तुमचे शिक्षण संपत आले आहे. त्यांच्या आयुष्यावर महागड्या विम्याची गरज आता उरलेली नाही. आईवडिलांच्या आरोग्यविम्याची गरज मात्र आहे, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही.

पॉलिसीचे कागद हाती आल्यापासून 30 दिवसांत ती रद्द करण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे. याला फ्री-लूक म्हणतात. तेवढ्या दिवसांच्या विमासंरक्षणाची किंमत, मुद्रांकशुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च वजा होऊन उरलेला प्रीमियम परत मिळतो. तुमच्याकडे जेमतेम नऊ दिवस आहेत. वडिलांच्या सहीचा अर्ज थेट विमा कंपनीच्या शाखेत द्या, पोच घ्या आणि तोच अर्ज कंपनीच्या ग्राहकसेवेला ई-मेलनेही पाठवा. मॅनेजरच्या हाती अर्ज देऊ नका. ‘पुढच्या सोमवारी बघू’ या आश्वासनात मुदत निघून जाते. कंपनीने टाळाटाळ केली तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करा. तरीही दाद लागली नाही, तर पुण्यातील विमा लोकपाल कार्यालयाकडे जाता येते.

दुसरी मुदत तुमच्या कोणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजना एरवी साठीनंतरची असली, तरी 55 ते 60 वर्षांच्या निवृत्त कर्मचाऱ्याला निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्या पैशांतून खाते उघडता येते. त्यांतले दोन महिने गेले. कारखान्याकडून निवृत्तीचा आणि मिळालेल्या रकमांचा दाखला घेऊन वडिलांनी याच महिन्यात टपाल कार्यालयात किंवा बँकेत 14 लाख ठेवावेत. खाते उघडताना असलेला दर पाच वर्षे कायम राहतो. 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 28,700 रुपये, म्हणजे महिन्याला साडेनऊ हजार येतील. निवृत्तिवेतन धरून साडेबारा हजार झाले. ही रक्कम लहान आहे, पण सांगलीत स्वतःच्या घरात राहणाऱ्या दोन माणसांचा खर्च काटकसरीने चालवण्याचा पाया तिच्यावर घालता येतो. उरलेले 50 हजार आणि परत येणारा दीड लाख अडीअडचणीसाठी बँकेत असू द्या.

मावशी आणि काकांच्या पॉलिसी नंतरच्या असल्याने त्यांचीही मुदत शिल्लक आहे. त्यांना आजच फोन करा आणि हप्ता दरवर्षी भरायचा आहे हे त्यांना माहीत होते का, एवढे विचारा. नसेल, तर पॉलिसी रद्द करण्याचा अर्ज तुम्हीच लिहून द्या. हे बोलणे अवघड जाईल, याची मला जाणीव आहे. पण त्यांनी विमा कंपनीवर किंवा मॅनेजरवर नाही, तर तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून सही केली आहे.

आता इंटर्नशिपकडे वळू. तिन्ही पॉलिसींच्या प्रस्ताव अर्जांवर प्रतिनिधीचा कोड कोणाचा आहे, ते पाहा. विमा विकण्यासाठी ठरलेले प्रशिक्षण, परीक्षा आणि रीतसर नेमणूक लागते, आणि कमिशन त्या कोडवर जमा होते. तुमची परीक्षा झालेली नाही, नेमणूक नाही, पगार नाही. याचा अर्थ तुमच्या नातेवाइकांच्या प्रीमियमवरचे कमिशन दुसऱ्या कोणाला तरी मिळत आहे आणि तुमच्या वाट्याला नोकरीचे तोंडी आश्वासन आले आहे. या कामात तुम्ही एकही ताळेबंद वाचलेला नाही, एकाही ग्राहकाचा रोख प्रवाह मांडलेला नाही. पॉलिसी रद्द झाल्या की टार्गेट शून्यावर येईल आणि नोकरीही जाईल. ती जाऊ द्या. ओळखीच्या लोकांच्या यादीवर मिळालेली नोकरी ती यादी संपेपर्यंतच टिकते.

त्याऐवजी सांगलीतल्याच एखाद्या सीए फर्ममध्ये सहा महिने काम मागा. पैसे कमी मिळतील, कदाचित मिळणारही नाहीत, पण सप्टेंबरअखेरच्या टॅक्स ऑडिटच्या धामधुमीत व्हाउचर तपासणारा, बँकेचा ताळमेळ लावणारा माणूस त्यांना हवाच असतो. वडिलांच्या कारखान्याचा वार्षिक अहवाल मिळवून त्यात साखरसाठा किती, त्यावर मालतारण कर्ज किती आणि उसाची देणी किती थकली आहेत, हे स्वतः मांडून पाहा. मुलाखतीत कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा त्यावर अधिक बोलता येईल. म्युच्युअल फंड वितरकांसाठीची एनआयएसएमची (सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची) परीक्षाही द्या. तिचे शुल्क दीड हजारांच्या आसपास आहे आणि महिनाभराच्या अभ्यासात ती होते.

सीएफएबद्दल मॅनेजरांनी दाखवलेली आशा विसरा. परीक्षेच्या तीन पातळ्या आहेत, शिवाय सीएफए ही सनद मिळण्यासाठी 4,000 तासांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो. पहिली पातळी उत्तीर्ण होणे म्हणजे तुम्ही अभ्यास करू शकता याचा पुरावा. तेवढ्यावर अनुभव नसलेल्या पदवीधराला 10-12 लाख मिळतील, असे धरून खर्चाचे नियोजन करू नये. एका पातळीचे शुल्कच लाखाच्या घरात जाते. ते कर्जातून किंवा वडिलांच्या पैशांतून न भरता नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या बचतीतून भरा. या परीक्षेत व्यावसायिक नीतिमत्तेवर मोठा भर असतो आणि ग्राहकाचे हित स्वतःच्या हिताआधी ठेवणे हा त्यातला पायाभूत नियम आहे.

एमबीएसाठी 12 लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला 20 हजारांहून अधिक हप्ता बसतो, आणि शिकत असताना साचलेले व्याज त्यावर वेगळे. हातात 35 हजार पगार आला तर मुंबईत खोलीभाडे आणि जेवणासाठी 15 हजारही उरणार नाहीत. दोन-तीन वर्षे काम करून, चांगल्या गुणांनी, नामवंत संस्थेत प्रवेश मिळाला तर हेच कर्ज पेलवेल. आज केवळ प्रवेश मिळतो आहे म्हणून ते काढू नका, आणि वडिलांच्या 14 लाखांच्या ठेवीला तर त्यासाठी मुळीच हात लावू नका.