खोलीवर एकट्यापुरता एक कप चहा करायचा तर पाणी कशावर तापवावं: गॅस, इंडक्शन की विजेची किटली?

कोरा चहा पीत असाल तर किटलीच घ्या. २०० मिली पाणी २५ अंशांवरून उकळीला न्यायला जेमतेम ०.०२ युनिट वीज लागते आणि १५०० वॅटच्या किटलीत हे मिनिटभरात होतं. गॅसची बरीच आच छोट्या भांड्याच्या कडेनं वर निघून जाते. इंडक्शनही चांगलं, फक्त भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटायला हवा. दुधाचा चहा मात्र गॅसवर किंवा इंडक्शनवरच करा, किटलीत दूध तळाला करपतं आणि उतू जातं. आपल्या लातूर-बीडकडं बोअरच्या पाण्यात क्षार फार, किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो आणि मग पाणी तापायला वेळ लागतो. अधूनमधून लिंबू पिळलेलं पाणी तिच्यात उकळून ओतून द्या. बादलीतला रॉड चहाच्या भांड्यात कृपा करून घालू नका, शॉक बसू शकतो.