चर्चिल एकदा, दोनदा की तीनदा?

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. चर्चिल एका पुस्तकात एकदा, दुसऱ्यात दोनदा, तिसऱ्यात तीनदा पंतप्रधान झालेले दिसतात, म्हणून तुम्ही ब्रिटनच्या पंतप्रधानांचा तक्ता फाडायच्या बेतात आहात. फाडू नका, तिन्ही बरोबर आहेत. माणूस मोजला तर एक. सलग कारकीर्द मोजली तर दोन: १० मे १९४० ते २६ जुलै १९४५ आणि २६ ऑक्टोबर १९५१ ते ५ एप्रिल १९५५. मंत्रिमंडळं मोजली तर तीन, कारण मे १९४५ मध्ये युद्धकाळातलं संयुक्त सरकार मोडलं आणि निवडणुकीपुरतं काळजीवाहू सरकार त्यांनीच बनवलं.

आपल्याला दिल्लीची सवय. निवडणूक झाली की नवा शपथविधी. तिकडे तसं नाही. थॅचरबाईंनी तीन निवडणुका जिंकल्या, तरी कारकीर्द एकच, १९७९ ते १९९०. शिवाय १९७४ मध्ये मतदान झालं २८ फेब्रुवारीला आणि पंतप्रधान हीथ खुर्चीत ४ मार्चपर्यंत, लिबरल पक्षाशी जमतंय का बघत. तेव्हा निवडणुकांच्या यादीवरून तक्ता करू नका. राजा किंवा राणीने नेमलं तो दिवस आणि पद सुटलं तो दिवस, एवढंच धरा.

आणि नुसती सालं लिहू नका हो! मला हे फार महागात पडलंय. '१९३५ चा भारत सरकार कायदा झाला तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान कोण?' असा प्रश्न परीक्षेत आला होता. मॅकडोनल्ड १९२९–३५, बाल्डविन १९३५–३७; सालांवरून काय कळणार, कपाळ? मॅकडोनल्ड ७ जूनला पायउतार झाले, कायद्याला राजाची संमती मिळाली २ ऑगस्टला. म्हणजे बाल्डविन. उत्तरतालिकेत मात्र मॅकडोनल्ड! गोलमेज परिषदा आणि जातीय निवाडा त्यांच्या काळातला, म्हणून हेही त्यांच्याच खात्यावर टाकलं असणार. मी रीतसर हरकत घेतली, शुल्क भरलं, तारखांची पानं झेरॉक्स करून जोडली. त्या कार्यालयाचं (नाव घेत नाही) एका ओळीचं उत्तर: 'तज्ज्ञांचा निर्णय अंतिम राहील.' कारण नाही, खाली न वाचता येणारी सही. फोन केला की साहेब जागेवर नाहीत. त्या एका प्रश्नापायी पुढची फेरी हुकली. विधेयक मॅकडोनल्डांच्या काळात आलं हे मान्य, पण मग तसं विचारा ना.

१८५८ चंही असंच आहे. भारताचं विधेयक आधी मांडलं तेव्हाचे पंतप्रधान पामर्स्टन यांनी, पण फेब्रुवारीत त्यांचं सरकार पडलं. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार संपवणारा कायदा ऑगस्टमध्ये झाला तो डर्बींच्या काळात. या दोन ठिकाणी लाल शाईने तारखा घालून ठेवा.

दिवस मोजायच्या भानगडीत पडू नका. लिझ ट्रस ६ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर २०२२. कुणी ४९ म्हणतं, दोन्ही टोकं धरणारे ५०, आणि राजीनाम्याच्या घोषणेशी थांबणारे ४५.

मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही, तेव्हा हे सगळं स्वतः पडताळून घ्या. परीक्षेसाठी करत असाल तर जुन्या उत्तरतालिका आधी चाळा, तिथे कुणाचा कोणता हट्ट आहे ते कळतं. आणि वॉल्पोल, ज्यांना पहिले पंतप्रधान मानतात, त्यांच्यासमोर १७२१ लिहून मोकळे व्हा. तेव्हा असं पद अधिकृतपणे होतं का, या वादात शिरलात तर तक्ता या जन्मी पुरा व्हायचा नाही.